फैजपूर ते हेग: अण्वस्त्रविरोधाची मधली पाने

6 ऑगस्टला जळगाव-धुळ्याकडच्या काही शाळा-महाविद्यालयांत हिरोशिमा दिन होतो. पोस्टर लागतात, मुले कागदाचे पक्षी करतात आणि भाषणे होतात. भाषणांचा मार्ग ठरलेला असतो. गांधी, विनोबा, साने गुरुजी झाले की गाडी थेट 1998च्या पोखरणला लागते. मधली पाने कुणी उलटत नाही. या टिपणाचा भर त्या पानांवर आहे. अणुबॉम्ब म्हणजे काय आणि हिरोशिमात काय झाले, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चाललो आहे.

लांबच्या लढाईचा खान्देशाशी पहिला मोठा संबंध आला तो बाजारभावातून. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि तापीकाठच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले तसा भाव आपटला. चढ्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे मात्र राहिली. त्या काळात इथे कुणी शांततेची चळवळ केल्याचे दिसत नाही, तशी अपेक्षाही नाही.

शांततेचा विषय इथे राजकीय ठराव म्हणून आला तो डिसेंबर 1936मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, बांबूचे टिळकनगर, बैलांनी ओढलेला अध्यक्षांचा रथ, हे सगळे जिल्ह्यात पाठ असते. त्या मांडवात काय मंजूर झाले हे क्वचित सांगितले जाते. त्याच सप्टेंबरात ब्रसेल्सला जागतिक शांतता परिषद झाली होती आणि तिथे काँग्रेसचा प्रतिनिधी हजर होता. त्या परिषदेची दखल फैजपूरला घेतली गेली. शिवाय युद्धाच्या धोक्यावर वेगळा ठराव झाला: साम्राज्यवादी युद्धात भारत सहभागी होणार नाही. म्हणजे इथली शांततेची भाषा पहिल्यापासून स्वातंत्र्याच्या मागणीला बांधलेली होती. साम्राज्य आहे तोवर खरी शांतता नाही, असा तो युक्तिवाद. आजच्या कार्यक्रमांत ही राजकीय धार बोथट होऊन नुसता सद्भाव उरतो, हे मला खटकते.

विनोबा 1932मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. रणांगणावर सांगितलेल्या ग्रंथातून अहिंसा काढायची, हे त्या बराकीतले काम. पुढे ऑक्टोबर 1940मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही विनोबाच ठरले. माणूस किंवा पैसा देऊन ब्रिटिशांच्या युद्धाला मदत करणे चूक आहे, एवढेच उघडपणे सांगायचे आणि अटक करून घ्यायची. युद्धाला विरोध हाच गुन्हा ठरलेला तो काळ.

स्वातंत्र्यानंतर जळगाव जिल्ह्यात ऑर्डनन्स आली, म्हणजे लष्करासाठी दारूगोळा करणारे सरकारी कारखाने. आधी भुसावळ, मग 1962च्या चीन युद्धानंतर वरणगाव. वरणगाव फॅक्टरीत बंदुकीच्या गोळ्या होतात. भुसावळला दारूगोळ्याच्या पेट्या आणि पुढे रॉकेटची पॉड, म्हणजे रॉकेट ठेवून डागायच्या पेट्या. हजारो घरे त्यावर उभी राहिली, मुले शिकली. ऑगस्टातल्या भाषणांत कधी कधी या कारखान्यांना अणुबॉम्बच्या रांगेत बसवले जाते. ते बरोबर नाही. 7.62ची गोळी आणि अण्वस्त्र यांना कायदाही एका मापाने मोजत नाही. 2021मध्ये या निर्माण्यांचे तुकडे होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या आणि संपावर बंदी घालता येईल असा कायदाही आला, तेव्हा कामगारांच्या बाजूने शांततावाले किती उभे राहिले, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

आता दिल्लीची भूमिका. 1 मार्च 1954ला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला आणि दूरवरच्या जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. महिनाभरात, 2 एप्रिलला, नेहरूंनी चाचण्या थांबवण्याची मागणी संसदेत केली. 1963च्या अंशतः चाचणीबंदी करारावर भारताने सही केली, 1968च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर नाही. 1974मध्ये पोखरणला ‘शांततापूर्ण’ स्फोट झाला. 1988मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांत 2010पर्यंत सगळी अण्वस्त्रे संपवण्याचा आराखडा मांडला. या दुटप्पीपणाला ढोंग म्हणणारे आहेत, व्यवहार म्हणणारेही आहेत.

सगळ्यात गुंतागुंतीचा टप्पा मात्र हेगचा, आणि भाषणांतून नेमका तोच गळतो. अण्वस्त्रांचा वापर, किंवा वापराची धमकी, कायदेशीर आहे का, असा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 1994मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारला. त्याआधी 1993मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही विचारला होता, पण हा तुमचा विषय नाही म्हणून न्यायालयाने तो परत पाठवला. 1995च्या सुनावणीत हिरोशिमा आणि नागासाकीचे महापौर बोलले. वापर बेकायदा आहे हे त्यांचे म्हणणे सरकारचे मत मानू नये, असे जपान सरकारने तिथेच सांगून टाकले.

न्यायालयाचे 8 जुलै 1996चे सल्लावजा मत एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्याला हवे तेवढे उचलतो. न्यायालय म्हणाले, अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे मानवतावादी कायद्याच्या, म्हणजे युद्धातही पाळायच्या नियमांच्या, विरुद्ध ठरेल. लगेच पुढे जोडले, की राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असेल अशा टोकाच्या स्वसंरक्षणात तो कायदेशीर की बेकायदा, हे ठामपणे सांगता येत नाही. सुनावणी सुरू होण्याच्या थोडे आधी एक न्यायाधीश वारले होते, त्यामुळे पंधराऐवजी चौदाच उरले. मते पडली सात विरुद्ध सात. अध्यक्षांच्या निर्णायक मताने हा परिच्छेद मंजूर झाला.

आता गंमत बघा. विरोधात गेलेल्या सातांपैकी तिघांचा, गयाना, श्रीलंका आणि सिएरा लिओनच्या न्यायाधीशांचा, राग उलटा होता. स्वसंरक्षणाची पळवाट ठेवलीच का, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे वापर सर्वसाधारणपणे बेकायदा मानणारे सातच नव्हते, दहा होते. अण्वस्त्रधारी देशांचे वकील मात्र सात-सातचा आकडा धरून बसतात. माझ्या मते दहाची मोजणी अधिक प्रामाणिक आहे. श्रीलंकेच्या न्यायाधीशांनी भिन्नमतात रामायण-महाभारताचाही आधार घेतला: शत्रूचा सगळा वंश, हत्यार न धरणारेसुद्धा, नष्ट करील असे अस्त्र वापरायला रामाने लक्ष्मणाला केलेली मनाई आणि अर्जुनाने राखून ठेवलेले पाशुपतास्त्र. आपल्याकडे कीर्तनात ऐकलेली गोष्ट हेगच्या निकालपत्रात आहे, हे खान्देशात फारसे कुणाला सांगितले गेलेले नाही. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करून त्या तडीस नेणे हे बंधन आहे, यावर तर सगळ्या न्यायाधीशांचे एकमत होते.

भारताने या खटल्यात लेखी म्हणणे दिले होते. अण्वस्त्रांचा वापर, अगदी प्रतिहल्ला म्हणूनही, बेकायदा आहे आणि त्यांचे उत्पादनसुद्धा समर्थनीय नाही, असे त्यात होते. हे 1995चे. तीन वर्षांनी, 11 आणि 13 मे 1998ला, पोखरणला पाच स्फोट झाले. 2003मध्ये ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण अधिकृतपणे जाहीर झाले, तेही जैविक-रासायनिक हल्ल्याचा अपवाद ठेवून.

कायद्याची वाट अशी अर्ध्यावर अडली तेव्हा डॉक्टर आणि रेडक्रॉसची मंडळी दुसरीकडून आली. त्यांचा सवाल साधा: बॉम्ब पडल्यावर मदत कोण करणार? हिरोशिमात 300पैकी 270 डॉक्टर आणि 1,780पैकी 1,654 परिचारिका ठार किंवा जखमी झाल्या. औषधे घेऊन रेडक्रॉसचा स्विस डॉक्टर तिथे पोहोचला तो 8 सप्टेंबरला, महिनाभराने. एखाद-दुसरा गंभीर भाजलेला रुग्ण नाशिक-मुंबईला हलवताना नातेवाइकांची जी धावपळ होते ती ज्याने पाहिली आहे, त्याला याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही.

याच मालिकेतला पुढचा मुद्दा शेतीचा. भारत-पाकिस्तानात हिरोशिमाच्या आकाराचे शंभर बॉम्ब पडले तर जळत्या शहरांची सुमारे 50 लाख टन काजळी वर जाईल आणि जगाचे सरासरी तापमान सव्वा अंशाने उतरेल, असे 2007च्या एका अभ्यासाने मांडले. पाऊसही घटेल. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हा आकडा चटकन कळावा. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, म्हणून जानेवारीत लोक रात्री बागेला पाणी सोडतात, कडेने धूर करतात. त्या उपायांची धाव एका रात्रीच्या थंडीपुरती. काजळीचा थर वर्षानुवर्षे टिकेल असे हा अभ्यास सांगतो.

2013 आणि 2014मध्ये ओस्लो, नायारित आणि व्हिएन्ना इथे या परिणामांवर परिषदा झाल्या. तिन्हींना भारत गेला. त्यातून निघालेला अण्वस्त्रबंदी करार 7 जुलै 2017ला 122 मतांनी संमत झाला आणि 22 जानेवारी 2021पासून लागू आहे. त्याच्या वाटाघाटींना मात्र भारत गेला नाही, इतर अण्वस्त्रधारी देशही गेले नाहीत. 2024चे शांततेचे नोबेल अणुहल्ल्यातून वाचलेल्यांच्या जपानी संघटनेला मिळाले. त्याच वर्षी आमसभेने अणुयुद्धाच्या परिणामांचा नव्याने अभ्यास करायला 21 तज्ज्ञांचे मंडळ नेमायचे ठरवले. असा अभ्यास संयुक्त राष्ट्रांनी याआधी 1980च्या दशकात केला होता. आमसभेच्या समितीत या ठरावाच्या विरोधात तीनच मते पडली: ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया. मंडळाचा अहवाल 2027मध्ये यायचा आहे.