सदाफुलीचे औषध यीस्टच्या पेशीत

सदाफुलीची पाने रोज सकाळी चावून खाल्ली की मधुमेह पळतो आणि कर्करोग जवळ येत नाही, असे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. या झाडात कर्करोगावरची औषधे आहेत हे खरे. पण व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधे पेशींचे विभाजनच थांबवतात, म्हणून ती मोजून, शिरेतून द्यावी लागतात. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. पाने चघळणाऱ्याच्या पोटात औषधाचा अंशही धड जात नाही, झाडातली इतर अल्कलॉइडे (शरीरावर परिणाम करणारी नत्रयुक्त वनस्पती-रसायने) मात्र जातात.

व्हिनब्लास्टिन झाडाविना मिळवण्यासाठी अमेरिकी जैवअभियंते जे कीसलिंग यांच्या गटाने पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये ५६ जनुकीय बदल केले आणि त्यात वनस्पतींची ३४ जनुके बसवली. हे संशोधन २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

जनुके बसवली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. यीस्टमधले एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) पाच कार्बनचे तुकडे जोडत जाते. दोन तुकड्यांचा दहा कार्बनी रेणू (जिरॅनिल पायरोफॉस्फेट) तयार होतो न होतो तोच, तेच विकर त्याला तिसरा तुकडा जोडून पंधरा कार्बनी रेणू बनवते, कारण पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल त्यातूनच होते. सदाफुलीत औषध बनवणाऱ्या क्रियांची साखळी तर या दहा कार्बनी रेणूपासूनच सुरू होते! ते विकर पुरते बंद केले तर यीस्ट मरते. म्हणून अशा प्रयोगांत ते मंद ठेवून दहा कार्बनवर थांबणारे दुसरे विकर जोडीला दिले जाते. पुढे सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे रेणूवर ऑक्सिजन चढवतात, त्यांना इलेक्ट्रॉन पुरवणारे सोबती प्रथिनही हवे असते. शिवाय यीस्टची स्वतःची काही विकरे अर्धवट रेणू भलतीकडे वळवतात, त्यांची जनुके काढून टाकावी लागतात.

एवढे करून यीस्टने कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन हे दोन अर्धे भाग बनवले. ते जोडून व्हिनब्लास्टिन करण्याचे काम पेशीबाहेर, रासायनिक पद्धतीने झाले.

‘आता औषध स्वस्त होणार’ ही भाषा मला घाईची वाटते. मलेरियावरील आर्टेमिसिनिनचा पूर्वघटक यीस्टने लिटरमागे २५ ग्रॅम दिला, तरी शेतातल्या वनस्पतीपासून काढलेले आर्टेमिसिनिनच स्वस्त पडले. इथे कॅथरँथिन लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळाले, आणि व्हिंडोलिन त्याहून कमी.