उंदराचं नाक कुठं आहे?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी फिरली: 'आता एआय उंदराच्या मनातली भीती वाचणार!' खाली लगेच गणपतीचं चित्र आणि हात जोडलेले. माझी भाची बेळगावात एम. फार्म. करते, तिचा दिवस उंदरांबरोबरच जातो. तिनं एका ओळीत निकाल लावला, "मामा, उंदीर मनात काय करूलालाय ते ह्याला कळत नाही. नाक कुठं हाय तेवढंच कळतंय."

ते 'तेवढंच' मला इतकं आवडलं की त्यावर लिहायला बसलो.

चिंता कमी करणारं औषध चालतं का, हे बघायला अधिकच्या चिन्हासारखी चार फाट्यांची एक वाट असते, जमिनीपासून हातभर उंच. समोरासमोरच्या दोन फाट्यांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. उंदीर भिंतीला धरून चालणारा प्राणी. सुगीनंतर खानापूरकडच्या कुठल्याही घरात बघा, तो पोत्यांमागून जाईल, खोलीच्या मधोमध सहसा येणार नाही. तेव्हा पाच मिनिटांत तो उघड्यावर किती वेळा जातो आणि किती वेळ राहतो, यावरून भीतीचा अंदाज बांधतात.

हे मोजायचं स्टॉपवॉच घेऊन. चारही पाय उघड्या फाट्यात पडले की 'गेला' म्हणायचं. आणि मागचा एक पाय रेघेवरच राहिला तर? भाचीनं आणि तिच्या मैत्रिणीनं एकच व्हिडिओ मोजला. उघड्यावरच्या फेऱ्या एकीच्या 7 आल्या, दुसरीच्या 9. दोघी प्रामाणिक.

पाच मिनिटांच्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं धरली तर 9000 चित्रं होतात. प्रत्येकावर नाक, दोन कान, शेपटीचं मूळ असे आठ बिंदू हातानं टिपायचे तर 72,000 क्लिक. 2018 साली मॅकेन्झी मॅथिस, अलेक्झांडर मॅथिस आणि सहकाऱ्यांनी 'डीपलॅबकट' नावाची पद्धत मांडली. त्यांनी दाखवलं की सुमारे 200 चित्रांवर माणसानं खुणा केल्या तरी पुरतं, पुढचं संगणक करतो.

दोनशेच कसे पुरतात? कारण त्या पद्धतीतलं जाळं (न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा आकड्यांचा पसारा) कोरं नसतं. आधी ते दहा लाखांहून जास्त फोटोंवर कुत्रा, गाडी, कपबशी ओळखायला शिकलेलं असतं. कड कशी दिसते, केसाळ पृष्ठभाग कसा दिसतो, गोलाई कशी, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. जन्मभर कुंदा आटवलेल्या आचाऱ्याला नवी दुधाची मिठाई दोन खेपांत जमते. दूध कधी लागेल हे त्याला वासावरून कळतं. तसंच हे.

आता खरी गंमत. जाळं 'नाक इथे' असं बोट दाखवत नाही. ते चित्रावर चौकोनांची जाळी टाकतं आणि प्रत्येक चौकोनात 'इथे नाक असण्याची शक्यता किती' हा आकडा भरतं. शिकवताना भाचीच्या क्लिकभोवतीच्या छोट्या वर्तुळात 1, बाकी सगळीकडे 0. जाळ्याचं उत्तर जितकं चुकतं, तितकी ती चूक मागे मागे पाठवून आतले आकडे किंचित हलवायचे. या जातीच्या एका नेहमीच्या जाळ्यात असे अडीच कोटींच्या आसपास आकडे असतात. पण आत जाताना चित्र आक्रसतं, त्यामुळे एक चौकोन मूळ चित्रातल्या आठ-आठ ठिपक्यांएवढा (पिक्सेल) जाडा होतो. म्हणजे गल्ली सापडली, घर नाही. म्हणून आणखी दोन नकाशे काढतात: खरं नाक या चौकोनाच्या मध्यापासून किती आडवं सरकलंय आणि किती उभं. शक्यतेचं शिखर घ्यायचं, त्यात ही सरक मिळवायची, की घर सापडलं. पंजा अंगाखाली दडला असेल तर शक्यता घसरते, तेव्हा तो बिंदू सोडून द्यायचा. (इथवर जो टिकला त्याला माझ्याकडून एक वाटी कुंदा.)

हाताशी येतो तो आकड्यांचा तक्ता. 'भीती' हा शब्द त्यात कुठेच नसतो. उंदीर कधी कधी मागचं धड भिंतीआड ठेवून अंग ताणतो, नाक उघड्या वाटेत काढून हुंगतो आणि मागे येतो. धडाचा मध्य धरून मोजलं तर ही फेरी शून्य, नाक धरून मोजलं तर एक. कोणता नियम लावायचा, हे भाचीलाच ठरवावं लागतं.

माझी आजी म्हणायची, उंदीर घर सोडून गेले की घराचं बरं नाही. कणगी रिकामी झाली म्हणून ते गेले, एवढं साधं. उंदराच्या तोंडी आपलं भविष्य घालणं ही जुनी सवय, आणि 'एआय मन वाचतं' ही तिचीच शहरी बहीण.

कॅमेऱ्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्याला वास नाही. पुरुष जवळ असला, किंवा त्यानं घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्यांना वेदना कमी जाणवतात, असं 2014 साली जेफ्री मोगिल यांच्या गटानं दाखवलं होतं. नोंद घेणाराच निकालात शिरला!

परवा भाचीनं फोनवर व्हिडिओ दाखवला. उंदीर गोळा होऊन बसला, आणि नाकाचा लाल ठिपका टुणकन शेपटीच्या मुळावर. तिनं तसली चाळीसेक चित्रं बाजूला काढलीत. पुन्हा क्लिक करत बसलीय, नाक, कान, कान, शेपूट.