पांढुरक्या पाण्यात आणखी ब्लीचिंग पावडर नको

घरच्या नव्या स्विमिंग पूलचं पाणी पांढुरकं झालं की ‘अजून ब्लीचिंग पावडर टाका’ हा सल्ला मराठवाड्यात सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. आपल्याकडे पूल भरतो बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्याने. हे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेलं. बादलीला आतून खरखरीत पांढरा थर धरतो, तो त्याचाच. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो. ती वाढवली की पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली, याचं माप) आणि कॅल्शियम दोन्ही चढतात, पाणी आणखी धुरकटतं, वर क्लोरीनचा जोरही घटतो. आधी पीएच तपासा, ॲसिड बेताने वापरून ७.२ ते ७.६ वर आणा. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो! मग फिल्टर सलग चालवा, अधूनमधून बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. सगळं पाणी उपसायची गरज सहसा पडत नाही.