साधी सलाईन आणि अल्ब्युमिनची बाटली: क्रिस्टलॉइड व कोलॉइड यांतला फरक

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या दवाखान्यात शिरेतून जे काही चढवले जाते, त्या सगळ्याला आपण ‘सलाईन’च म्हणतो. मग अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या हाती अल्ब्युमिनची (रक्तातल्या एका प्रथिनाची) चिठ्ठी पडते, आणि इतके दिवस पेशंटला नुसत्या मिठाच्या पाण्यावर का ठेवले, असा प्रश्न त्यांना पडतो. प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु या दोन द्रवांत वरचढ-कमअस्सल असा भेद नसून त्यांची कामेच वेगळी आहेत.

नॉर्मल सलाईन आणि रिंगर लॅक्टेट ही क्रिस्टलॉइड, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, द्रावणे होत. पहिल्याच्या एका लिटरात ९ ग्रॅम मीठ असते. दुसऱ्यात सोडियमबरोबर थोडे पोटॅशियम, कॅल्शियम व लॅक्टेट असल्याने ते रक्तद्रवाच्या अधिक जवळचे. नॉर्मल सलाईनमधील क्लोराइड रक्तातल्यापेक्षा बरेच जास्त असल्यामुळे ती फार चढवल्यास रक्तातील आम्लता वाढते. कोलॉइडमध्ये मोठे रेणू असतात: मानवी रक्तापासून मिळवलेले अल्ब्युमिन, जिलेटिन किंवा स्टार्च.

चाळणीत तांदूळ धुताना पाणी खाली जाते आणि तांदूळ वर राहतो. रक्तवाहिनीची भिंत अशीच चाळण मानली, तर क्रिस्टलॉइडचे पाणी-मीठ झिरपून ऊतींत पसरते, आणि कोलॉइडचे मोठे रेणू आत राहून पाण्यालाही धरून ठेवतात. कागदावर कोलॉइडच सरस दिसते ते यामुळे. मात्र सेप्सिससारख्या गंभीर जंतुसंसर्गात ही चाळणच सैल होते आणि तांदूळही खाली पडू लागतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ७,००० अत्यवस्थ रुग्णांवरील ‘सेफ’ अभ्यासात अल्ब्युमिन आणि नॉर्मल सलाईन यांच्या गटांत २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले; डोक्याला गंभीर मार लागलेल्यांत तर अल्ब्युमिन घातक ठरले. स्टार्चमुळे मूत्रपिंडांना इजा होते, हे २०१२ नंतर स्पष्ट झाले, आणि ते मला या साऱ्या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण तोवर ते विश्वासाने दिले जात होते.

म्हणून जुलाब-उलट्या, भाजणे, अपघातातील रक्तस्राव (जिथे पुढे रक्तच द्यावे लागते) यांत सुरुवात क्रिस्टलॉइडनेच होते. पावसाळ्यातल्या डेंग्यूच्या शॉकमध्येही तेच आधी देतात, आणि त्याने रक्तदाब सावरला नाही तरच कोलॉइडकडे वळतात.

अल्ब्युमिनची खरी जागा यकृताच्या आजारात आहे. पोटात साठलेले पाणी एका वेळी पाच लिटरहून अधिक काढले, तर रक्ताभिसरण कोसळून मूत्रपिंडे बिघडू नयेत यासाठी काढलेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत, त्या फिकट पिवळ्या द्रवात, २० ग्रॅम असते; सहा लिटर पाणी काढले, तर चिठ्ठीवर दोन-तीन बाटल्या दिसतात त्या या हिशेबाने.