कलिंगडाच्या रोगप्रतिकारक वाणांची पार्श्वभूमी

कलिंगड मूळचे आफ्रिकेतले. जनुकीय अभ्यासानुसार त्याचा सर्वांत जवळचा रानटी नातलग सुदानच्या कोर्दोफान भागात सापडतो. त्याचा गर पांढरट असतो, पण कडू नसतो. हजारो वर्षे माणसाने गोड, लाल आणि मोठ्या फळांचेच बी राखले. रोग सोसण्याची ताकद कोणी निवडली नाही, आणि ती हळूहळू निसटली. २०१३ साली कलिंगडाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातही हेच दिसले.

ही ताकद गमावल्याची किंमत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात मोजावी लागली. वेल सुकवून मारणाऱ्या मर रोगाची फ्युजारियम बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते. एकदा शिरली की त्या रानात कलिंगड घेणे अशक्य व्हायचे. अमेरिकी कृषी खात्याच्या विल्यम ऑर्टन यांनी ‘ईडन’ या गोड वाणाचा संकर गुरांना घालायच्या, बेचव, कठीण गराच्या सिट्रन कलिंगडाशी केला. पुढच्या पिढ्या रोगट जमिनीतच लावल्या आणि जगलेल्या वेलींतून निवड केली. १९११ साली त्यातून ‘कॉन्करर’ हा प्रतिकारक वाण आला. फळ म्हणून तो बाजारात फारसा चालला नाही, तरी माझ्या मते या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल तेच. आधी रोग सोसणारा वेल, मग चव, हा क्रम तिथे ठरला.

चव, उत्पादन आणि प्रतिकार एकत्र यायला आणखी चार दशके लागली. अमेरिकी पैदासकार फ्रेड अँड्रस यांचा ‘चार्ल्सटन ग्रे’ हा वाण १९५४ चा: लांबट फळ, दूरच्या वाहतुकीत टिकणारी साल, मर आणि करपा या दोन्ही बुरशीजन्य रोगांना प्रतिकार. १९६३ च्या ‘क्रिमसन स्वीट’ने गोडीची पातळी वाढवली, आणि पुढे अनेक संकरांत त्याचाच वापर झाला.

बिनबियांचे कलिंगड जपानमधून आले. तिथले जनुकशास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी कॉल्चिसीन हे रसायन वापरून गुणसूत्रे दुप्पट केलेला वेल साध्या वेलाशी संकरित केला. त्यातून निघालेल्या त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या, वेलाच्या फळात पक्के बी धरत नाही. मात्र फळ धरायला शेजारी साध्या वाणाचे परागकण लागतातच.

दरम्यान बुरशीही बदलत गेली. फ्युजारियमच्या नव्या प्रकारांपुढे जुने प्रतिकारक वाण टिकेनात. सिट्रन गटात त्यांनाही प्रतिकार आहे, पण त्यासोबत कठीण, फिकट गरही येतो, आणि तो गाळायला पिढ्यान्‌पिढ्या लागतात. म्हणून अनेक ठिकाणी, ही बुरशी सोसणाऱ्या भोपळ्याच्या खुंटावर कलिंगडाचे कलम करतात. जपानमध्ये हा उपाय १९२० च्या दशकापासून चालत आला आहे.