पार्श्वभूमी : डॉक्टरची चिठ्ठी आणि ‘हेतू’ नावाचा घोळ

अमेरिकेत एखाद्या डॉक्टरवर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, खटला भरला गेला की आरोपपत्रात अनेकदा दोन गोष्टी जोडीने येतात. नियंत्रित औषधं (अफूजन्य वेदनाशामकांसारखी, व्यसन लावणारी) बेकायदा लिहून दिली आणि मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याला, खोटी बिलं लावली. यातल्या पहिल्या आरोपाचा सगळा भार एका वाक्यावर आहे. चिठ्ठी ‘वैध वैद्यकीय हेतूने’ आणि ‘व्यवसायाच्या नेहमीच्या रीतीत’ दिलेली हवी. हे वाक्य १९७१च्या नियमातलं आहे, मूळ कायद्यातलं नाही. तो फरक पुढे फार महागात पडला.

मराठीत लिहिताना पंचाईत अशी की ‘हेतू’ दोन्हीकडे लागतो. गोळी कशासाठी दिली, हा एक हेतू. देताना डॉक्टरच्या मनात काय होतं, हा दुसरा. इंग्रजीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, तरी तिथल्या न्यायालयांनी पन्नास वर्षं ही गल्लत चालू दिली. शब्दांच्या गरिबीचं कारण निदान त्यांना देता येणार नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. १९१४च्या अफू-कोकेनवरच्या करकायद्याने डॉक्टरांना मुभा दिली, पण ‘व्यवसायाच्या ओघात’ एवढ्यापुरतीच. १९१९ मध्ये मेम्फिसच्या एका डॉक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की व्यसनी माणसाला नुसतं व्यसन चालू ठेवण्यासाठी दिलेली चिठ्ठी ही चिठ्ठीच नव्हे. १९७० मध्ये आजचा कायदा आला. त्यात शब्द होते ‘परवानगी असेल तेवढं सोडून, जाणूनबुजून’ वाटप करणं हा गुन्हा. डॉक्टर या गुन्ह्यात मुळात बसतो का, हे १९७५ मध्ये ठरलं.

तो खटला वाचण्यासारखा आहे. राजधानी वॉशिंग्टनमधला एक डॉक्टर मेथाडोनच्या, म्हणजे हेरॉइनचं व्यसन सोडवायला वापरतात त्या औषधाच्या, चिठ्ठ्या देत होता. फी तपासणीची नव्हती, गोळ्यांच्या संख्येवर होती. ५० गोळ्यांना १५ डॉलर, तर १५० गोळ्यांना ५०. साधारण साडेपाच महिन्यांत ११,१६९ चिठ्ठ्या, जवळपास ८ लाख गोळ्या. ५४ दिवस असे की दिवसाला शंभराहून जास्त चिठ्ठ्या गेल्या. अशा माणसाला दोषी ठरवायला कुणाला अडचण आली नाही. पण त्याच्यासाठी कापलेला सदरा पुढे सगळ्यांना घालायला लावला, तिथे घोटाळा झाला.

कारण बहुतेक डॉक्टर गोळ्या मोजून पैसे घेत नाहीत. कंबरेची दोनदा शस्त्रक्रिया झालेला, दहा वर्षं एकाच मोठ्या डोसवर असलेला पेशंट समोर बसलेला असतो. इथे ‘नेहमीची रीत’ कोणाची धरायची? सरकार पक्षाचा तज्ज्ञ एक सांगतो, बचावाचा दुसरं, आणि ज्युरीत शाळामास्तर आणि ट्रकचालक बसलेले. काही भागांतली न्यायालयं डॉक्टरचा प्रामाणिक समज विचारात घेत. काहींच्या लेखी तो समज ‘वाजवी डॉक्टर’च्या मापात बसला तरच ग्राह्य, आणि काही ठिकाणी त्याला जवळजवळ किंमतच नव्हती. म्हणजे डॉक्टर चुकला एवढं दिसलं की गुन्हेगार ठरवायला वाट मोकळी. हलगर्जीपणाच्या दिवाणी दाव्याचं माप फौजदारीत आलं आणि शिक्षा वीस-वीस वर्षांची.

यात सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांची भर पडली. अफूजन्य वेदनाशामकांचा डोस शक्यतो दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनइतका किंवा त्याहून जास्त होऊ देऊ नये, अशी ती ऐच्छिक शिफारस होती, प्राथमिक उपचार करणाऱ्यांसाठी. विमा कंपन्या आणि राज्यांनी तिची लक्ष्मणरेषा केली. डोस झपाट्याने खाली आणल्यामुळे पेशंटांचे हाल झाले. २०२२च्या सुधारित सूचनांमध्ये शिफारशींतून तो आकडा काढला गेला.

त्याच वर्षी २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दोन डॉक्टर होते, अलाबामातला २१ वर्षांची शिक्षा झालेला आणि वायोमिंगमध्ये दोषी ठरून २५ वर्षांची झालेला. न्यायालय म्हणालं, ‘जाणूनबुजून’ हा शब्द ‘परवानगी सोडून’ या भागालाही लागतो. चिठ्ठी परवानगीबाहेरची होती एवढं पुरेसं नाही. ती तशी आहे हे डॉक्टरला ठाऊक होतं किंवा त्याला तसंच करायचं होतं, हे सरकारने संशयापलीकडे सिद्ध करायचं. निकालाशी नऊही न्यायमूर्ती सहमत होते, कारणांवर मात्र सहा विरुद्ध तीन. अर्थात समज जितका अवाजवी, तितकं ज्युरीला तो खोटा वाटणार, हेही निकालात आहे.

पैशाची बाजू मात्र वेगळ्या वाटेने आली. खोट्या दाव्यांचा कायदा १८६३चा, यादवीत लष्कराला निकृष्ट माल विकणाऱ्यांसाठी केलेला. १९८६च्या दुरुस्तीने त्याला दात आले. नुकसानीच्या तिप्पट वसुली, आणि खबर देणाऱ्याला वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा. म्हणजे फिर्यादी बहुधा दवाखान्यातलाच माणूस. पुण्यात बसून अमेरिकी बिलिंग करणाऱ्यांना ९९२१३ आणि ९९२१४ हे पेशंटच्या भेटीचे कोड झोपेतही ठाऊक असतात. भेटीला लागलेल्या वेळेच्या हिशेबाने बिल लावलं तर पहिल्याला किमान २० मिनिटं, दुसऱ्याला ३०. दिवसाला चाळीस पेशंट आणि सगळे ९९२१४ असतील, तर गुणाकार कुणीही करील. आणि या कायद्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. जाणूनबुजून डोळेझाक किंवा बेफिकिरीही पुरते. १९९६चा आरोग्य-फसवणुकीचा फौजदारी कायदा हेतू मागतो, पण २०१० पासून त्या कलमाची माहिती असण्याचीही अट नाही.

याशिवाय फसवणुकीचा दोष सिद्ध झाला की मेडिकेअरमधून किमान पाच वर्षं बाहेर. तुरुंगाआधी धंदा बसतो. नियंत्रित औषधं लिहिण्याची नोंदणी तर त्याहून आधी जाऊ शकते.

दोन्ही डॉक्टरांचे खटले खालच्या न्यायालयांत परत गेले आणि २०२३ मध्ये तिथे निकाल लागले. वायोमिंगच्या खटल्यातले सिद्ध झालेले दोष रद्द होऊन फेरखटल्याचा आदेश निघाला. अलाबामाच्या डॉक्टरचे औषधवाटपाचे थेट दोष रद्द झाले, पण कटाचे कायम राहिले. कट करणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत असतंच, असं त्या न्यायालयाचं म्हणणं पडलं.