स्काउटिंग : टेहळणी, बालवीर आणि पारख

स्काउटिंग म्हणजे पुढे जाऊन नीट पाहणे आणि परत येऊन पाहिले तसे सांगणे. फौजेच्या पुढे दौडणारा स्वार, गळ्यात स्कार्फ बांधून शाळेच्या मैदानावर गाठी शिकणारी मुले आणि सामन्याच्या वेळी सीमारेषेबाहेर वही उघडून बसलेला माजी खेळाडू या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकणे’ असा आहे. मराठीत मात्र या कामासाठी टेहळणी, हेर, जासूद, नजरबाज असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांच्या छटाही वेगळ्या आहेत. टेहळ्या आपल्या वेशात उघडपणे फिरतो, हेर वेश बदलतो, जासूद निरोप पोचवतो. हा फरक केवळ शब्दांपुरता नाही. १८९९ आणि १९०७ च्या हेग नियमांनुसार वेश न बदलता शत्रूच्या मुलखात माहितीसाठी शिरलेला सैनिक हेर ठरत नाही. पकडला गेला तर तो युद्धकैदी असतो.

युद्धातील टेहळणी. मराठ्यांच्या लष्करी परंपरेत बातमीला तलवारीइतकेच मोल होते. शिवाजी महाराजांचे जासूदप्रमुख बहिर्जी नाईक यांचे नाव सभासद बखरीत येते. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी झाली ती त्या शहराची खडान्‌खडा माहिती हाती आल्यावरच.

ठाणेकरांना याचे उदाहरण शोधायला सुरतेपर्यंत जावे लागत नाही. साष्टी बेट पोर्तुगीजांकडे असताना भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ इथल्या खाड्या, चौक्या आणि माणसे यांची खबर पेशव्यांपर्यंत पोचवत होते. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले तेव्हा पोर्तुगीजांच्या नव्या किल्ल्याचे बांधकाम पुरे व्हायचे होते. खाडी कुठे आणि कोणत्या वेळी ओलांडता येते, हे ज्याला भरती-ओहोटी पाठ आहे तोच सांगू शकतो. नकाशा हाती असला तरी तो हे सांगत नाही. तोच किल्ला आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या भिंतीजवळून रोज जाणाऱ्यांना या मोहिमेतला अंजूरकरांचा वाटा माहीत असायला हवा, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

आज हे काम ड्रोन आणि उपग्रहही करतात, तरी माणसाची नजर लागतेच. मे १९९९ मध्ये कारगिलच्या बटालिक भागात घुसखोर प्रथम दिसले ते हरवलेला याक शोधायला निघालेल्या ताशी नामग्याल या मेंढपाळाला, दुर्बिणीतून. त्याने लगेच जवळच्या लष्करी चौकीवर वर्दी दिली. त्याच युद्धात लढलेल्या ‘लडाख स्काउट्स’ला पुढे पायदळाच्या पूर्ण रेजिमेंटचा दर्जा मिळाला. उंच पहाडातली वाट आणि हवा ओळखणारे स्थानिक जवान हेच तिचे बळ.

बालवीर चळवळ. ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१) यांनी दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंग हे वेढलेले गाव २१७ दिवस (१८९९–१९००) झुंजवले. शिबंदी अपुरी होती, म्हणून गावातल्या मुलांकडे निरोप पोचवण्याचे काम आले. सायकलवरून धावणारी ती मुले जबाबदारी पेलतात, हे त्यांच्या लक्षात राहिले. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर वेगवेगळ्या थरांतल्या वीसेक मुलांचे शिबिर त्यांनी भरवले. मुलांच्या चार टोल्या केल्या आणि त्यांना लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू अशी नावे दिली. लांब वाकड्या चोचीचा हा कर्ल्यू हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलातही दिसतो. पुढच्या वर्षी त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत निघाले आणि चळवळ देशोदेशी पसरली. मुलींसाठीची गाइड चळवळ १९१० मध्ये रीतसर सुरू झाली.

भारतात १९०९ पासून स्काउट पथके निघाली, पण सुरुवातीला भारतीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासकडे आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेस स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकत्रित संघटना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड शाखा तीत सामील झाली. साधारण ५ ते १० वर्षांची मुले कब आणि मुली बुलबुल, त्यापुढे १७ पर्यंत स्काउट आणि गाइड, मग रोव्हर आणि रेंजर अशी रचना आहे. प्रवेशापासून तृतीय सोपानापर्यंतच्या पायऱ्या चढल्यावर राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार येतात. तीन बोटांचा सलाम, डाव्या हाताचे हस्तांदोलन, ‘खरी कमाई’ (छोटी कामे करून पैसे मिळवणे) आणि रात्रीची शेकोटी हे सर्वांच्या आठवणीतले भाग.

मराठीत स्काउटला ‘बालवीर’ आणि गाइडला ‘वीरबाला’ म्हणतात. शब्द गोड आहेत, पण त्यांनी एक नुकसान केले. भर शौर्यावर गेला आणि मूळ कामातले पाहणे-ऐकणे मागे पडले. संचलन आणि स्वागताच्या रांगा म्हणजेच स्काउटिंग, असे अनेक शाळांत झाले आहे. खरे शिक्षण छोट्या खेळांत आहे. एका ताटात वीस-पंचवीस वस्तू मांडतात, मिनिटभर दाखवून वर फडके टाकतात आणि मुलांना आठवून लिहायला लावतात. मागाच्या खुणांचा खेळही असाच. बाण म्हणजे या वाटेने, फुली म्हणजे ही वाट नव्हे, वर्तुळात ठिपका म्हणजे मी घरी गेलो. केनियात न्येरी इथे बेडन-पॉवेल यांच्या समाधिशिलेवर हीच शेवटची खूण कोरलेली आहे. ठाण्यातल्या पथकांना या खेळासाठी येऊरचे रान जवळचे. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, म्हणून खुणा पडलेल्या काटक्या-दगडांच्याच करायच्या आणि शेवटच्या टोलीने त्या मोडत यायचे. टोलीनायकाने परत आल्यावर आपल्या टोलीतल्या प्रत्येकाला विचारायचे ते तीन प्रश्न : स्वतः काय पाहिलेस, दुसऱ्याकडून काय ऐकलेस, आणि तुझा अंदाज काय? ही तीन उत्तरे वेगळी ठेवता आली की मूल स्काउट झाले.

खेळातील पारख. इथे मराठीने नेमके क्रियापद दिले आहे : हेरणे. गुणी खेळाडू हेरणारा धावफलक नंतर पाहतो. आधी पाहतो ती पावलांची हालचाल, दमल्यावरचा पवित्रा, चूक झाल्यानंतरचा पुढचा चेंडू. २००३ च्या सुमारास भारतीय क्रिकेट मंडळाच्या प्रतिभाशोध योजनेतले प्रकाश पोद्दार जमशेदपूरला सामना पाहायला गेले आणि महेंद्रसिंह धोनीची शिफारस करून आले. २०१३ मध्ये मुंबई-गुजरात या ट्वेंटी-२० सामन्यात मुंबई इंडियन्सचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन राइट यांनी जसप्रीत बुमराह नावाचा विचित्र शैलीचा गोलंदाज पाहिला आणि त्याच वर्षी तो मुंबई इंडियन्सकडून आयपीएल खेळला. या संघाचा सराव आता घणसोलीच्या मैदानावर चालतो. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममुळे नवी मुंबईत मोठे सामने येतात, पण पारखी माणूस तिथे फारसा सापडणार नाही. तो शालेय आणि वयोगटाच्या सामन्यांना, रिकाम्या बाकांवर असतो. पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की निवडीसाठी पैसे मागणारा पारखी नसतो. प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाचा अभ्यास हाही स्काउटिंगचाच प्रकार.

इतर रूपे. चित्रीकरणाची जागा आधी पाहून येण्याला ‘रेकी’ म्हणतात. घोडबंदर रस्त्यावरच्या मालिकांच्या सेटवर हा शब्द रोजचा आहे. चोरीच्या बातमीतही तो येतो. शेतात कीड किती आहे हे फवारणीआधी फिरून मोजणे, हेही तेच काम.

मधमाश्यांतही टेहळ्या माश्या असतात. मोहोळ हलायचे असले की त्या नव्या जागा पाहून येतात आणि नाचून दिशा-अंतर सांगतात. मधमाश्यांचे जर्मन अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांना म्युनिकमध्ये नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर काजळी आणि विटांची धूळ दिसली, त्यावरून त्या अन्नाची नव्हे, घराची बातमी आणत आहेत हे उमगले.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री येऊरच्या पाणवठ्यांवर मचाणात बसून प्राणी मोजले जातात. चांदण्यात जे दिसले, ते वेळेसह कागदावर उतरवायचे असते. बिबट्या दिसला नाही तर रकाना रिकामाच ठेवायचा.